चार माणसांची पाटी

नॉर्डाल, मिनेसोटा
३० सप्टेंबर १९७९

चि. मारिट हिस,

(पदवी मिळेपर्यंत चिरंजीव. मिळाली की 'बाईसाहेब' म्हणेन, आत्ता फुगू नकोस.)

मका अजून ओला आहे. गाई बऱ्या आहेत, मी वाईट नाही, आणि तुझी टिल्डा आत्या आहे तशीच आहे. म्हणजे पाय गेलेले, तोंड शाबूत. तुझं पत्र जुलैपासून नाही. मी तिला सांगितलं, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष म्हणजे खायचं काम नाही, पोरीला श्वास घ्यायला वेळ नसेल. ती म्हणाली, "श्वास घेता घेता चार ओळी लिहिता येतात."

आता कामाचं बोलतो. आपल्या चर्चचं तळघर तुला ठाऊक आहे. प्रार्थना वर आणि खाणंपिणं खाली, मध्ये तो उभा जिना. टिल्डानं त्या तळघरात आयुष्यभर सगळ्या गावाची कॉफी उकळली, आणि गेली दोन वर्षं प्रार्थना संपली की ती चाकाच्या खुर्चीत वर एकटीच बसते. कुणीतरी तिच्यासाठी ताट आणून देतं आणि लगेच खाली पळतं, कारण गप्पा खाली चाललेल्या असतात. ताट वर येतं, माणूस येत नाही. ती तक्रार करत नाही. आपल्यात कुणीच करत नाही. पण परवा मी टोपी विसरलो म्हणून वर गेलो, तर ही बाई जमिनीला कान लावावा तशी वाकून खालचं हसणं ऐकत होती. मला पाहून म्हणाली, हातमोजा पडलाय. हातमोजा तिच्या हातात होता.

तेव्हा मी जिन्याच्या बाजूच्या कोळशाच्या जुन्या खोलीतून एक पाळणा बांधायचं ठरवलंय. खुर्चीसकट माणूस वरून खाली, खालून वर. जुन्या गोठ्यातली लोखंडी तुळई आहे, ती माथ्यावर टाकीन. तुळईला कप्पी, कप्पीवरून तारेचा दोर, दोराच्या एका टोकाला पाळणा आणि दुसरं टोक खाली फरशीला ठोकलेल्या, दोर गुंडाळणाऱ्या मोटरच्या विंचवर. नकाशा सोबत जोडलाय. माझ्या हिशेबानं चार माणसं सहज.

पण कमिटीत पामर साथर बसलाय ना! म्हणाला, "ओर्व्हल, हे काय गवताचे गठ्ठे आहेत का? कुणा इंजिनियरनं पाहिल्याशिवाय नाही." मी म्हटलं, इंजिनियर आमच्या घरात आहे. तर तो हसला. म्हणाला, पोरगी काय सांगणार? मला इतका राग आला, की मी दुसऱ्यांदा कॉफी घेतली नाही. त्याला समजलं असेल.

दुसऱ्या गुरुवारी कमिटी आहे. नकाशा नीट बघ, चूक असेल तर कान धर, नसेल तर सही करून पाठव. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लुटफिस्कचं, आपल्या त्या उग्र वासाच्या माशाचं, जेवण आहे. त्या दिवशी टिल्डाला खाली न्यायचंच.

तुझा काका,
ओर्व्हल

---

विद्यापीठ, मुलींचं वसतिगृह
४ ऑक्टोबर

वांडा,

तुझं बरंय. तू सहा महिने ट्रॅक्टरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून गेलीस, आणि तीनशे पोरांच्या त्या वर्गात आपण दोघीच मुली होतो त्यातली मीही गेले, पण वेगळ्या दारानं. माझी प्रयोगशाळेतली जोडीदार म्हणून तुला एकटीलाच हे ठाऊक आहे, म्हणून तुलाच लिहिते.

स्टॅटिक्समध्ये दुसऱ्यांदा नापास झाले, मेकॅनिकलमधून नाव गेलं, हे मी अजून घरी सांगितलेलं नाही. जूनमध्ये सांगणार होते. घरी गेले तर काकांनी वर्तमानपत्रातलं माझं कात्रण फ्रिजवर चिकटवलेलं, 'नॉर्डालची पहिली महिला इंजिनियर'. त्या फ्रिजमधून मी दूध काढायचे आणि गप्प बसायचे. आता मी साध्या कला शाखेत आहे आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या खानावळीत ताटं धुते. इतकं मोठं विद्यापीठ की कुणाच्या लक्षातही आलं नाही. आपले जुने वर्गबंधू माझ्यासमोर ट्रे सरकवतात, मी वाफेआड तोंड लपवते.

आणि आता हे बघ. काकांचा नकाशा सोबत आहे. न हलणाऱ्या वस्तूंवर कुठून किती जोर येतो, हेच ते स्टॅटिक्स, आणि त्यातच मला दोनदा भोपळा. पण मला इंजिनियर म्हणून विचारतात! अगं, तू बघ ना. ताबडतोब कळव. गुरुवारपर्यंत त्यांना उत्तर हवंय.

लाजेनं मेलेली,
मारिट

---

विद्यापीठ
८ ऑक्टोबर

प्रिय काका,

पत्राला उशीर झाला, माफ करा. अभ्यास फार असतो. वर्ग इतका मोठा, की मागच्या रांगेतून प्राध्यापक बोटाएवढे दिसतात, आणि फळा तर त्याहून लहान. पण जमतंय.

नकाशा पाहिला. काका, फार सुबक काढलाय. तुळईचं माप मी पुस्तकातल्या तक्त्यात ताडून पाहिलं. चार माणसांचं वजन धरलं, खुर्ची धरली, पाळण्याचं स्वतःचं वजनही धरलं. तुळई सहज पेलते, थोडी ताकद उरतेसुद्धा. चार माणसं अगदी ठीक.

सही केली आहे. पामर काकांना माझा नमस्कार सांगा, आणि तो जरा जोरात सांगा.

आत्याला सांगा, तिच्या हातची कॉफी इथं कुठं मिळत नाही.

तुमची,
मारिट

---

नॉर्डाल
२१ ऑक्टोबर

इंजिनियरबाईंस,

कमिटीत तुझा कागद वाचून दाखवला. पामरनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाला, "हं." एवढंच. तू आपल्या लोकांना ओळखतेस. पामरचा 'हं' म्हणजे दुसऱ्यानं गळ्यात पडून रडण्यासारखं आहे.

पाळणा उभा राहिला. चालतो कसा, लोण्यातून सुरी! मी आणि पाद्रीबुवा दोघं चढलो, दोनदा खालीवर केलं. चौघांचं वजन चढवून पाहणार होतो, दाण्याची पोती आणूनसुद्धा ठेवली होती. मग म्हटलं, मारिटची सही असताना वर पोती रचून बघायची म्हणजे पोरीवर अविश्वास दाखवण्यासारखं. लोक काय म्हणतील? पोती परत नेली.

दाराशी मी एक पाटी रंगवून लावलीय. 'चार माणसं', आणि खाली बारीक अक्षरात 'तपासणी: मारिट लुंडे, इंजिनियर'. अजून झाली नाहीस हे मला कळतं. पण पाटी दोनदा कोण रंगवणार?

टिल्डानं निळा झगा बाहेर काढून खुंटीला टांगलाय. विचारलं तर म्हणते, हवा देतेय.

ओर्व्हल काका

---

वॉटरलू, आयोवा
२७ ऑक्टोबर

अगं म्हशे,

तुझं पत्र माझ्या जुन्या खोलीवर जाऊन पडलं होतं. मला रात्रपाळीला टाकलं म्हणून मी खोली बदलली होती. आज मिळालं. तू सही केली नाहीस ना? केली नाहीस असं धरून लिहिते.

तुळई खचेल. मोडणार नाही कदाचित, पण वाकेल, कप्पी तिरकी होईल, दोर घसरून अडकेल. तुझ्या काकांनी तुळईवर फक्त पाळण्याचं वजन धरलंय. आता कप्पीकडे बघ. दोराची एक बाजू पाळणा खाली ओढतो. दुसरी बाजू कोण ओढतं? विंच! आणि विंच फरशीवर आहे, म्हणजे तोही खालीच ओढतो, तेवढ्याच जोरानं. विहिरीवर कप्पीतून बादली काढणारा माणूसही दोराला लोंबकळतच असतो ना? मग आडव्या लाकडावर बादलीचाही भार आणि माणसाचाही. तुळईवर दुप्पट जोर आहे, मारिट. त्या तुळईला दोन माणसं ठीक. चार नाहीत.

हाच प्रश्न मे महिन्याच्या पेपरात तिसरा होता. बाहेर आल्यावर जिन्यात बसून तू मला तुझं उत्तर सांगितलंस, आणि मी गप्प बसले, कारण तू आधीच रडत होतीस. तेव्हाच बोलायला हवं होतं.

फोन कर त्यांना. पत्र लिहीत बसू नकोस.

वांडा

---

विद्यापीठ
१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय काका,

हे पत्र मिळताच पाळण्यावर दोनपेक्षा जास्त माणसं चढू देऊ नका. पाटी काढा. नकाशात चूक आहे आणि ती मी पकडायला हवी होती. कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजू ओढतात, त्यामुळे तुळईवर दुप्पट भार येतो. मी एकच बाजू धरली.

आता उरलेलं. मी इंजिनियर नाही आणि होणारही नाही बहुधा. मे महिन्यात नापास झाले, दुसऱ्यांदा. मला मेकॅनिकलमधून काढलंय. जुलैपासून पत्र आलं नाही ते अभ्यासामुळं नाही, लिहायला तोंड नव्हतं. मागच्या पत्रात वर्गाचं जे लिहिलं ते सगळं दोन वर्षांपूर्वीचं. मी इथं ताटं धुते.

नकाशा आला तेव्हा मी तो वांडाकडे पाठवला, पण उत्तर यायच्या आत सही केली. का, ते सांगते. त्या संध्याकाळी टेबलावर तुमचा नकाशा पसरला, पट्टी घेतली, तक्ता उघडला, आणि कितीतरी दिवसांनी मला वाटलं की मी कुणीतरी आहे. ते वाटणं मला सोडवेना.

वांडाचं पत्र काल आलं. तिनं फोन करायला सांगितलं. मी वसतिगृहाच्या फोनपाशी गेले, आकडे फिरवले, आणि पहिली घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. आपल्या गावच्या फोनच्या एकाच लाइनवर आठ घरं. घंटा एकाची वाजली तरी आठ जणं उचलतात, पामरची बायको युनिस तर सगळ्यांच्या आधी. माझ्या नापास होण्याची बातमी पामरच्या जेवणाच्या टेबलावर तुमच्याआधी पोचली असती. म्हणून पत्र. शनिवारी सकाळी मिळेल. जेवण संध्याकाळी आहे.

काका, रागवा. पण आधी पाटी काढा.

मारिट

---

नॉर्डाल
४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मारिट,

बाहेरून काही ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. आधी एवढं वाच, मग पुढे.

काल मी पहाटे धारा काढून जो चर्चमध्ये गेलो तो रात्रीच घरी आलो. दोनशे माणसांचं जेवण, माशाचा वास पार रस्त्यापर्यंत. टिल्डाला निळ्या झग्यात आणलं. पाळण्याचं दार उघडलं, तर ही अडून बसली. म्हणे, "मी एकटी नाही उतरणार. सगळं गाव खाली माना वर करून बघणार, आणि मी वरून राणीसारखी? शोभतं का ते?" मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, तू यंत्राशी थांब. तेव्हा पाद्रीबुवांची बायको चढली. मग युनिस चढली. पामरनं पाटी वाचली, बोटानं मोजलं, आणि म्हणाला, "चौथ्याची जागा आहे." चढला. त्याला तुझ्यावर विश्वास दाखवायचा होता गं. त्याच्या परीनं ती माफी होती.

अर्ध्यावर गेले आणि वर कडकड झाली. तुळई वाकली, दोर कप्पीतून सुटून अडकला. पाळणा वर नाही, खाली नाही. खाली बसलेल्यांना टिल्डाचे बूट आणि झग्याची किनार दिसत होती, बाकी काही नाही. दोनशे माणसं जेवायची थांबली. मग आपल्या लोकांनी जे सभ्यपणाचं वाटलं ते केलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा जेवू लागले.

तिघांना शिडीवरून उतरवलं. टिल्डाला चार गड्यांनी वासरू उचलावं तसं उचललं. झगा गुडघ्यावर गेला. मी तिला परत वर नेऊन बसवलं आणि तिचं ताट तिथं आणून दिलं. ती जेवली नाही.

आज प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो आणि सांगितलं, चूक माझी. मी कप्पीचं भोक तिरकं पाडलं असणार, नाहीतर बोल्ट कमी आवळला असणार. मारिटचा हिशेब बरोबर होता, मीच बांधण्यात चुकलो. पाटीवरचं तुझं नाव मी कालच रंगानं बुजवलं, म्हणजे माझ्या गाढवपणाचे शिंतोडे तुझ्यावर उडायला नकोत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. अभ्यासाकडे लक्ष दे.

तुझा,
ओर्व्हल काका

---

नॉर्डाल
६ नोव्हेंबर

मारिट,

तुझं पत्र शनिवारीच आलं होतं. रस्त्यावरच्या पेटीत पडून होतं. मी काल गेलो पेटीपाशी.

मला राग आलाय. हे लिहून ठेवतो, कारण तू समोर आलीस की मला बोलता येणार नाही, मी हवापाण्याचं बोलेन.

तू नापास झालीस याची मला लाज वाटली नाही. मीही आठवीच्या पुढे गेलो नाही, माझी एकही गाय त्यावरून कधी बोलली नाही. तू फोन ठेवलास, त्याची वाटली. युनिस काय म्हणेल याचं तुला भय, आणि त्याच पाळण्यात युनिसच चढली. तिला नातवंडं आहेत.

आणि माझीही वाटली. पोती आणली होती मी. 'लोक काय म्हणतील' म्हणून परत नेली. तू फोन ठेवलास आणि मी पोती नेली, दोन्हींत फारसा फरक नाही. रात्री हेच डोक्यात घोळत होतं.

चर्चमध्ये जे सांगितलं ते खोटं निघालं आहे. मी अजून कुणाला बोललो नाही. काय सांगायचं, कुणी सांगायचं, ते तू ठरव. टिल्डाला तुझं पत्र वाचायला दिलंय. तिनं मागितलं.

ओर्व्हल

---

नॉर्डाल
९ नोव्हेंबर

मारिट,

माझं अक्षर वाईट आहे, सांध्यांमुळं. हळू वाच.

तुझं पत्र वाचलं. ओर्व्हलनं तुला काय लिहिलं तेही त्याच्याकडून वदवून घेतलं. तुम्ही दोघं एकमेकांना आपापली लाज दाखवत बसला आहात. तू म्हणतेस माझी मोठी, तो म्हणतो माझी मोठी. पामर येऊन गेला, त्याला वाटतं तो चौथा चढला म्हणून झालं. पाद्रीबाई केक घेऊन आली, तिला वाटतं ती जाड आहे म्हणून. सगळे लाजले. पण टांगलेली मी होते. मला अजून एकानंही विचारलं नाही की टिल्डा, तुला काय वाटलं.

तर सांगते. त्यांना माझे फक्त बूट दिसत होते, पण पाळण्याच्या फळ्यांमधून मला ते सगळे दिसत होते. लांब टेबलं, कॉफीची ती मोठी किटली, सोराच्या पोरीला झालेलं बाळ, ते तर मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन वर्षांनी पाहत होते. मला वाटलं, राहू दे अडकलेला, आणखी थोडा वेळ राहू दे. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा रडू आलं. पडायची भीती नव्हती वाटली.

आता तुझं. फोन ठेवलास, कारण लाइनवर लोक ऐकतात. अगं, ऐकतं कोण? युनिसला दुपारी झोप लागते आणि संध्याकाळी तिचा टीव्ही असतो. या लाइनवरची प्रत्येक घंटा मी उचलते. दिवसभर खिडकीशी दुसरं काय करू? कुणाची गाय आजारी, कुणाचं लग्न मोडलं, सगळं मला माहीत आहे. वाईट सवय आहे, मला तिची लाज वाटते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. सांगणार कुणाला? वर कोण येतं?

बुधवारी तू आकडे फिरवलेस तेव्हा इथं अर्धी टिंग वाजली. मी उचलला. तिकडं कुणी नव्हतं. मी दोनदा हॅलो म्हटलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी ये. रविवारी प्रार्थनेनंतर उभी राहा आणि खरं काय ते सांग. ओर्व्हलचं खोटं मी माझ्या खुर्चीत बसून जास्त दिवस ऐकून घेणार नाही. त्यानं जाड तुळई आणून ठेवली आहे. तिचा हिशेब तू कर, दोन्ही बाजू धरून, आणि तुझ्या त्या वांडाला दाखव. ओर्व्हल पोती रचेल, चौघांची, आणि वर आणखी दोन, सगळ्यांच्या देखत. मग पाळण्यात मी बसेन आणि शेजारी तू उभी राहशील. दोघीच. खाली सगळं गाव बघेल, बघू दे. त्यांनी माना खाली घातल्या तर मी वरूनच ओरडणार आहे.

निळा झगा धुऊन टांगलाय. हवा देत नाहीये.

तुझी आत्या,
टिल्डा